आधी एक भाषा, मग बाकीचं

डिप्लोमानंतर सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी पुण्यात येऊन प्रोग्रॅमिंगचा क्लास लावू का, असं विचारलंस. लाव, पण सहा महिन्यांत पाच भाषा शिकवतो म्हणणाऱ्याकडे नको. जावा किंवा पायथन, एकच धर. सोबत एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा; दिसायला सोपं, पण मुलाखतीत भलेभले जॉइनपाशी, म्हणजे दोन तक्ते जोडताना, अडखळतात.

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, मात्र आजच सुरू कर. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामासाठी ते लिहिलं, आणि आता त्यावाचून टीममध्ये पान हलत नाही. पहिल्या नोकरीत मी फोर्स पुश करून, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कोडवर माझा कोड जबरदस्तीने चढवून, सहकाऱ्याचं दोन दिवसांचं काम पुसलं होतं. त्या शिव्या अजून आठवतात!

प्रोजेक्ट विकत घेऊ नकोस. तुमच्या गावच्या दूध डेअरीचा हिशेब ठेवणारं छोटं अ‍ॅप कर: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दहा दिवसांचं बिल. उद्या दर बदलला तरी मागची बिलं तशीच राहिली पाहिजेत. ते कसं जमवायचं, यावर डोकं खाजवशील तेव्हा डेटाबेस कळेल, आणि मुलाखतीत त्यावर अर्धा तास बोलशील. एआयकडून कोड लिहून घेतलास तरी चालेल, फक्त प्रत्येक ओळ का आहे ते सांगता यायला हवं.

इंग्रजी तुटकं असलं तरी निभावतं. हिंजवडीत खोली मात्र ऑफर लेटर हातात पडल्यावरच बघ.