एमबीए की पीजीडीएम? जळगावात घरचा केळी वेफर्सचा धंदा आहे, तो ऑनलाइन न्यायचाय. मोठ्या कंपन्यांपुढे आपली साइट टिकेल का?

एमबीए ही विद्यापीठाची पदवी, पीजीडीएम हा स्वायत्त संस्थेचा डिप्लोमा. पुढे पीएचडी करायची असेल तर त्या पीजीडीएमला एआयूची (भारतीय विद्यापीठ संघाची) समकक्षता, म्हणजे एमबीएच्या बरोबरीची मान्यता, आहे का ते बघा. नाहीतर नावात फार अडकू नका. 2017 चा कायदा येईपर्यंत आयआयएमसुद्धा डिप्लोमाच द्यायच्या.

धंदाच करायचाय ना? मग सीईटी देऊन जळगावातच एमबीए करा आणि वाचलेले पैसे नायट्रोजन भरणाऱ्या पॅकिंग मशीनमध्ये घाला. वेफर मऊ पडला की गिऱ्हाईक परत फिरकत नाही, मग डिग्री कुठलीही असो.

साइटचं म्हणाल तर, ‘मोठ्या कंपन्यांची साइट फुकट उघडेल, आपल्या साइटला डेटाचे पैसे पडतील’ असल्या मोबाइल कंपन्यांच्या भेदभावाच्या दरांना ट्रायने (दूरसंचार नियामकाने) फेब्रुवारी 2016 मध्येच बंदी घातलीय. जाहिरातीचा खर्च मात्र तुमचा तुम्हालाच.