ग्लॉक १९ साठी आट्यांची नळी आणि सप्रेसर : निवड कोणत्या क्रमाने करावी

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा दिसतो : तुम्ही टेक्सासमध्ये राहता, ग्रीन कार्ड मिळाल्यावर ग्लॉक १९ हे ९ मिलिमीटरचे पिस्तूल घेतले, नेमबाजीच्या बंदिस्त रेंजवर कानांना त्रास होतो म्हणून सप्रेसर (नळीच्या टोकाला बसणारा, आवाज कमी करणारा डबा) लावायचा विचार आहे, आणि दुकानात .२२, ९ मिलिमीटर व .४५ अशा तीन कॅलिबरचे (कॅलिबर म्हणजे गोळीच्या जाडीचे माप) सप्रेसर आणि टोकाला वेगवेगळे आटे (थ्रेड) असलेल्या दोन नळ्या समोर ठेवल्यामुळे नेमके काय घ्यावे हे ठरत नाही. माझ्या मते सप्रेसरपासून सुरुवात करणे हीच मुळात उलटी दिशा आहे. आधी कायदा, मग नळी, आणि नळीच्या आट्यांवरून सप्रेसर व त्याचा पिस्टन (नळीला जोडणारा भाग), या क्रमाने गेलात तर निम्मे प्रश्न आपोआप गळून पडतील.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या संघीय कायद्यात सप्रेसर ही स्वतंत्र बंदूकच मानली जाते आणि १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टनुसार तिची नोंदणी करावी लागते. त्यावरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, म्हणून अनेकांचा समज झाला आहे की आता दुकानात जाऊन तसाच उचलून आणता येतो. तसे नाही. फॉर्म ४ हा अर्ज, बोटांचे ठसे, छायाचित्र आणि एटीएफ या बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या संघीय खात्याची मंजुरी हे सगळे पूर्वीसारखेच आहे, आणि मंजुरी येईपर्यंत सप्रेसर विक्रेत्याच्याच ताब्यात राहतो. तुमच्या पत्नी अजून एच-१बी व्हिसावर असल्याचे तुम्ही लिहिले आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो : अशा व्हिसावरील व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे बाळगणे काही मोजके अपवाद सोडता संघीय गुन्हा आहे. त्यामुळे नोंदणी ट्रस्टच्या नावाने करणार असाल तर त्यात त्यांचे नाव घालू नका, तिजोरीची किल्ली स्वतःकडेच ठेवा, आणि शिकारीच्या परवान्याचा अपवाद वापरायचा विचार असेल तर आधी वकिलाला विचारा. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, डेलावेअर, ऱ्होड आयलंड आणि हवाई या राज्यांत व राजधानी वॉशिंग्टनमध्ये सामान्य नागरिकाला सप्रेसर बाळगता येत नाही. त्यांपैकी काही राज्यांत, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया धरून, पिस्तुलाला आट्यांची नळी असणे हीसुद्धा अडचण ठरते. न्यू जर्सीतल्या एडिसनला बहिणीकडे गाडीने जाताना या वस्तू टेक्सासमध्येच राहू द्याव्यात.

आता नळीकडे वळू. ग्लॉकची मूळ नळी स्लाइडच्या तोंडाशीच संपते, तिच्यावर आटे पाडायला जागाच नसते. म्हणून साधारण अर्धा इंच पुढे येणारी दुसरी नळी घ्यावी लागते. या नळ्या मुख्यतः दोन मापांच्या आट्यांत मिळतात. अमेरिकी पद्धतीचे माप १/२×२८, म्हणजे अर्धा इंच व्यास आणि इंचाला २८ आटे, उजवीकडे फिरणारे. युरोपीय पद्धतीचे माप एम १३.५×१, डावीकडे फिरणारे. ग्लॉक कंपनीच्या स्वतःच्या अनेक नळ्या याच मापाच्या असतात. दोन्ही चांगलीच आहेत, परंतु पुढे या सप्रेसरसाठी दुसरे पिस्तूल घेण्याची शक्यता असेल तर १/२×२८ सोयीचे पडते, कारण अमेरिकेत तेच सर्वांत जास्त आढळते. नळी मागवताना पिस्तुलाची पिढी नीट कळवा. पाचव्या पिढीच्या नळीची रचना आधीच्या पिढ्यांपेक्षा वेगळी आहे. आट्यांवर चढणारी टोपी नळीबरोबर येते, ती हरवू देऊ नका, कारण एकदा का आट्यांना टवका पडला की सप्रेसर सरळ बसत नाही. स्वस्त नळी आणि महागडा सप्रेसर ही जोडी मला कधीच पटलेली नाही. आटे नळीच्या छिद्राशी समकेंद्री नसतील तर गोळी सप्रेसरच्या आतल्या पडद्यांना घासते, आणि त्या एका घासण्याचा खर्च नळीत वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट असतो.

दुकानदाराने ज्याचा उल्लेख घाईत केला असे तुम्ही म्हणता तो बूस्टर हाच या सगळ्यातला समजून घेण्यासारखा भाग आहे. ग्लॉकसारख्या पिस्तुलात गोळी सुटल्यावर नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेल्या स्थितीत किंचित मागे सरकतात, मग नळीचे मागचे टोक खाली झुकते, स्लाइड मोकळी होते आणि रिकामे काडतूस बाहेर फेकते. रिकामे ग्लॉक १९ सुमारे ६०० ग्रॅमचे असते आणि ९ मिलिमीटरचा सप्रेसर साधारण २३० ते ३४० ग्रॅमचा. एवढे वजन नळीच्या टोकाला घट्ट जखडले तर नळीला नीट मागे जाता येत नाही आणि पिस्तूल दर गोळीला अडकते. बूस्टरमध्ये स्प्रिंगवर सरकणारा पिस्टन असतो. नळी पिस्टनला जोडलेली असते, सप्रेसरचा डबा मात्र त्या पिस्टनवर पुढे-मागे सरकू शकतो, त्यामुळे वायूच्या दाबाने डबा क्षणभर पुढे ढकलला जातो आणि नळी जणू टोकाला वजन नसल्यासारखी मागे जाते. म्हणूनच पिस्टनचे आटे आणि नळीचे आटे एकाच मापाचे हवेत. पिस्टन वेगळा विकत मिळतो आणि त्याला नोंदणी लागत नाही, तेव्हा नळी युरोपीय मापाची निघाली म्हणून सप्रेसर बदलण्याची गरज नाही. उलट, जी नळी जागची हलतच नाही अशा बंदुकीवर, उदाहरणार्थ रुगर मार्क ४ या .२२ च्या पिस्तुलावर किंवा ९ मिलिमीटरच्या बहुतेक ब्लोबॅक कार्बाइनवर (आखूड रायफलींवर), स्प्रिंग काढून तिच्या जागी निर्मात्याने दिलेला स्थिर स्पेसर बसवावा लागतो. तिथे स्प्रिंग तशीच राहिली तर डबा दर गोळीला आपटत राहतो आणि आतले भाग खराब होतात.

इथे एक धोका ठळकपणे नोंदवतो. .२२ चे सप्रेसर, .२२३ रायफलींचे पुष्कळ सप्रेसर आणि ९ मिलिमीटरच्या नळ्या या सर्वांचे आटे १/२×२८ असू शकतात. म्हणजे लहान छिद्राचा सप्रेसर तुमच्या ग्लॉकवर बिनबोभाट चढेल, घट्टही बसेल, आणि पहिल्याच गोळीला फुटेल. डब्यावर कोरलेले कॅलिबर वाचल्याशिवाय तो फिरवायला घेऊच नये, मग तो रेंजवर शेजारच्या माणसाने कितीही प्रेमाने पुढे केलेला असो.

तीन सप्रेसरांपैकी कोणता, याचे माझे उत्तर ९ मिलिमीटरचा. .४५ चा सप्रेसर योग्य पिस्टन लावून ९ मिलिमीटरवर चालतो हे खरे, आणि तुमच्याकडे .४५ चे पिस्तूल असते तर मी तोच सुचवला असता. पण तो जाड आणि जड असतो, आणि मोठ्या छिद्रामुळे ९ मिलिमीटरवर थोडा जास्त आवाज सोडतो. जे पिस्तूल घेण्याचा विचारही नाही त्याच्यासाठी हा बोजा का वाहावा? तुकडा काढून आखूड करता येईल असा ९ मिलिमीटरचा सप्रेसर पाहा. पूर्ण लांबीत तो ग्लॉकच्या नळीपेक्षा बराच लांब असतो आणि पिस्तुलाचे नाक खाली ओढतो. आखूड केल्यावर आवाज थोडा वाढतो, पण नेम धरणे पुष्कळ सुसह्य होते. केवळ सरावाच्या आनंदासाठी, कमी खर्चात आणि खरोखर हळू आवाजात गोळ्या झाडायच्या असतील, तर .२२ चा सप्रेसर आणि आट्यांच्या नळीचे .२२ पिस्तूल ही जोडी कोणालाही हरवेल, फक्त .२२ च्या गोळ्यांचे शिसे आत साचत जाते, त्यामुळे घरी उघडून साफ करता येईल असाच घ्यावा.

आवाजाबद्दलच्या अपेक्षा मात्र आत्ताच खाली आणा. सप्रेसरशिवाय ९ मिलिमीटर पिस्तुलाचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो, सप्रेसर लावल्यावर तो साधारण १२५ ते १३५ पर्यंत येतो. अशा क्षणिक आवाजासाठी अमेरिकेत कामाच्या ठिकाणी १४० डेसिबल ही मर्यादा मानतात, म्हणजे फायदा खरा आहे, पण बंद रेंजवर, जिथे शेजारच्या लेनवर बिनसप्रेसरची पिस्तुले चालू असतात, तिथे कानांवरचे संरक्षण काढायचे नाही. काडतुसाची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. ११५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) नेहमीची गोळी त्याहून वेगाने जाते आणि वाटेत स्वतःचा वेगळा कडाका करते, ज्यावर कोणताही सप्रेसर काहीही करू शकत नाही. १४७ ग्रेनची जड गोळी सहसा त्या वेगाच्या खाली राहते. १२४ ग्रेनची काठावर असते, आणि त्याच खोक्यातल्या काही गोळ्या कडाडतात, काही नाही. सप्रेसर थंड असताना पहिली गोळी पुढच्यांपेक्षा मोठ्याने वाजते, कारण आत ऑक्सिजन असतो. तो बिघाड समजू नका. शिवाय थोडा वायू मागे, तुमच्या चेहऱ्याकडे येईल. चष्मा हवाच, आणि वायुवीजन चांगले नसलेल्या रेंजवर सप्रेसर वापरणे मी टाळतो.

मूळचे दर्शक म्हणजे साइट्स डब्यामागे झाकले जातात, म्हणून उंच साइट्स किंवा स्लाइडवर बसणारा रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारी साइट) यांचा खर्चही हिशेबात धरा. ऑनलाइन ‘सॉल्व्हेंट ट्रॅप’ या नावाने सफाईचे साधन म्हणून जे डबे स्वस्तात विकले जातात त्यांच्या वाटेला जाऊ नका. एटीएफ त्यांच्याकडे बिननोंदणीचे सप्रेसर म्हणून पाहते, आणि ग्रीन कार्डधारकाला असा गुन्हा नोकरीपेक्षाही महाग पडू शकतो.

मंजुरी येऊन डबा हाती पडला की पहिली गोळी झाडण्याआधी एक तपासणी करा. पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून ते उघडा, नळी स्लाइडमधून बाहेर काढा, तिच्यावर सप्रेसर हाताने घट्ट बसवा आणि काडतूस जिथे बसते त्या टोकाकडून उजेडाकडे पाहा. नळीच्या वर्तुळाच्या बरोबर मध्यभागी सप्रेसरच्या तोंडाचे वर्तुळ दिसले पाहिजे आणि त्याच्या कडेने सगळीकडे सारखी पट्टी दिसली पाहिजे. ती एका बाजूला चंद्रकोरीसारखी जाड असेल तर गोळी झाडू नका, नळी विक्रेत्याकडे परत न्या. रेंजवर प्रत्येक मॅगझिननंतर पिस्तूल रिकामे करून, नळीचे तोंड लक्ष्याच्या दिशेलाच ठेवून, डबा सैल झाला आहे का हे जाड हातमोजा घालून तपासा. थोड्याच गोळ्यांनंतर तो उघड्या हाताने धरण्याजोगा राहत नाही.