कला आणि मनोरंजनाचा अनुभव पार बदलून टाकतील असे तुमच्या डोक्यातले अतरंगी शोध कोणते?

डोक्यात ढीगभर आहेत, पण व्हीआर चष्मा वगैरे त्यात नाही हे आधीच सांगतो. सध्या सगळंच आपल्या अंगठ्याखाली आलंय ना, आवडलं नाही की ढकल पुढे, लांबलं की दीडपट स्पीड, म्हणून माझ्या शोधांना पॉज आणि स्किप ही बटणंच नसणार.

सगळ्यात लाडका शोध म्हणजे पागोळी-तरंग. जलतरंग माहितीये ना, चिनी मातीच्या वाडग्यांत कमीजास्त पाणी भरून काठीनं वाजवतात, पाणी वाढवलं की सूर खाली उतरतो. तर कोकणातल्या कौलारू घराच्या पडवीला, पागोळ्या पडतात तिथं हे वाडगे ओळीनं मांडायचे. आता थेंब नुसता पाण्यात पडला तर डुबुक होईल, वाडगा काही वाजणार नाही, म्हणून प्रत्येकाशेजारी एक झुलता चमचा लावायचा, पागोळीनं तो भरला की पुढे कलंडतो, पाणी सांडतो आणि परत मागे येताना त्याचं शेपूट वाडग्याच्या काठावर टण्णकन आपटतं. जपानी बागांत अशी बांबूची नळी असतेच, शिशी-ओदोशी म्हणतात तिला, मुळात ती जनावरं हाकलायला होती. वाडग्यात पावसाचं पाणी साठून सूर उतरत जाऊ नये म्हणून ठरलेल्या उंचीवर एक भोक, जास्तीचं पाणी आपोआप बाहेर. बास, भुरभुर असेल तर विलंबित, आषाढातली झड लागली की द्रुत, आणि गडगडाट फुकट!

राग कुठला लावायचा म्हणाल तर मल्हारचा मोह सगळ्यांनाच होईल पण नको, मल्हारला चलन, म्हणजे सुरांची ठरलेली चाल लागते आणि पाऊस कुणाचं चलन पाळतोय. भूपाचे पाच सूर लावा, कुठल्याही क्रमानं वाजले तरी कानाला फारसं खटकत नाही. आणि हसू नका, क्रोएशियात झादर गावी 2005 पासून समुद्रकाठच्या पायऱ्यांखाली पाइप बसवलेत, लाटा आत हवा ढकलतात आणि किनारा अक्षरशः वाजतो. आपल्याकडे त्याहून जास्त पाणी पडतं आणि आपण ते फक्त बादलीत धरतो.

दुसरा शोध खरं तर चोरीचा. 1881 साली पॅरिसच्या वीज प्रदर्शनात क्लेमाँ आदेर नावाच्या माणसानं ऑपेराच्या स्टेजवर ट्रान्समीटर लावून लोकांना टेलिफोनवर चालू ऑपेरा ऐकवला होता, दोन कानांना दोन रिसीव्हर! पुढे या सेवेची कंपनी निघाली, हॉटेलांत नाणं टाकून ऐकायची यंत्रं आली, 1932 पर्यंत चाललं ते. तर आपले ते लाल रंगाचे एक रुपयावाले कॉइन बॉक्स आठवतात का, ते शोधून काढून पुन्हा एसटी स्टँडवर लावायचे, रुपया टाकला की त्या क्षणी कुठंतरी रंगलेलं नाटक थेट कानात. रात्री उशिरा लावला तर सिंधुदुर्गातल्या एखाद्या जत्रेतला दशावतार. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, कलाकार तिथल्या तिथं रचतात, म्हणजे तुमच्या रुपयात जे आलं ते परत कुणालाच मिळणार नाही, आणि ऐन भांडणात फोन कट झाला तर सुट्टे शोधत पळा.

वासाच्या नादाला मात्र मी लागणार नाही. अमेरिकेत 1960 मध्ये स्मेल-ओ-व्हिजन आलं होतं, सिनेमा चालू असताना खुर्च्यांपाशी नळ्यांतून वास सोडायचे, पण बाल्कनीत वास पोचायला उशीर व्हायचा आणि वर फुसफुस आवाज, एकाच सिनेमात खेळ खलास. शिवाय मराठी नाट्यगृहात हे तंत्रज्ञान आहेच की, मध्यंतराच्या दहा मिनिटं आधी बटाटेवड्याचा वास आत येतो आणि नायिकेच्या रडण्याकडे कुणाचं लक्ष राहत नाही.

आता शेवटचा, संगीत नाटकवाल्यांसाठी. पायानं भाता मारायचा ऑर्गन असतो ना, त्याचा भाता काढून घ्यायचा आणि तो प्रेक्षकांत वाटायचा, प्रत्येक खुर्चीखाली एक पायडल, सगळ्यांच्या नळ्या ऑर्गनला. प्रेक्षकांनी पाय मारले तरच सूर निघणार. पद रंगलं आणि वन्समोर हवा असेल तर नुसतं ओरडून चालणार नाही, पाय मारत राहा. थंड प्रेक्षक असतील तर ऑर्गन दम लागल्यासारखा घरघरेल आणि कुणाचं चुकतंय ते गायकाला स्टेजवरूनच दिसेल. एवढ्या लांब नळ्यांतून हवा गळणार हे मला कळतं, त्यामुळे आधी पन्नास-साठ खुर्च्यांच्या छोट्या हॉलमध्ये करून बघायचं. पहिल्या दोन रांगांत फुकट पासवाले बसतात, त्यांना दोन-दोन पायडल द्यायचे, आणि कलाकारांच्या नातेवाइकांना तर तीन.