जपानी समीक्षक कोबायाशी हिदेओ यांना एवढे मोठे का मानले जाते, आणि त्यांचे लेखन कोठून वाचायला घ्यावे?

मी जपानी भाषेचा पदवीधर नाही. कोबायाशी (हे आडनाव, जपानीत ते आधी येते) मी बव्हंशी अनुवादांतून आणि काही उतारे शब्दकोश जवळ ठेवून वाचले आहेत, हे लक्षात घेऊन हे उत्तर वाचावे. माझे मत आधीच सांगतो. कोणत्याही सिद्धान्ताचा आधार न घेता कलाकृतीसमोर उभे राहण्याचा हट्ट त्यांनी आयुष्यभर धरला. त्या हट्टातून त्यांचे उत्तम लेखन आले आणि त्यांच्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेपही त्यातूनच निघतो.

त्यांचा जन्म १९०२ साली तोक्योत झाला. तोक्यो इम्पीरियल विद्यापीठात फ्रेंच साहित्याचा अभ्यास करून १९२८ साली ते पदवीधर झाले आणि विद्यार्थिदशेतच फ्रेंच कवी रँबोच्या कवितेने झपाटले गेले. त्याच काळात कवी नाकाहारा चूया यांच्याशी त्यांची मैत्री जुळली; पण १९२५ च्या अखेरीस चूयांसोबत राहणारी हासेगावा यासुको त्यांना सोडून कोबायाशींकडे राहायला आली आणि सुमारे अडीच वर्षांनी कोबायाशीच तिला सोडून ओसाका-नाराकडे निघून गेले. हा प्रसंग केवळ चघळण्यासाठी सांगत नाही. पुढे हे दोन मित्र पुन्हा जवळ आले आणि १९३७ साली मृत्यूपूर्वी चूयांनी आपल्या दुसऱ्या संग्रहाचे हस्तलिखित कोबायाशींच्याच हाती सोपवले. कवीच्या दृष्टीने समीक्षकावरचा याहून मोठा विश्वास कोणता असू शकेल?

१९२९ साली ‘काइझो’ मासिकाच्या समीक्षालेखांच्या स्पर्धेत त्यांच्या ‘सामाझामा नारु इशो’ या लेखाला दुसरे पारितोषिक मिळाले. पहिले मिळाले मियामोतो केन्जी यांना, जे पुढे कित्येक वर्षे जपानी कम्युनिस्ट पक्षाचे नेते होते. म्हणजे त्या वेळची साहित्यिक हवा कोणत्या बाजूने वाहत होती हे निकालातच दिसते. ‘इशो’ म्हणजे नक्षी, घडण, साज. मी या शीर्षकाचे मराठी ‘नाना साज’ असे करीन. मार्क्सवादी साहित्य, कलेसाठी कला, प्रतीकवाद अशा तेव्हाच्या एकेका भूमिकेला ते या लेखात उलटून पाहतात. विचारसरणी असण्याला त्यांचा विरोध नाही. ती अंगात मुरण्याऐवजी नुसती अंगावर चढवली जाते, याचा त्यांना तिटकारा आहे. समीक्षा म्हणजे शेवटी स्वतःचेच स्वप्न संशयी मनाने सांगणे नव्हे काय, असे ते विचारतात. हे वाचून त्यांना आपल्याकडच्या ‘आस्वादक समीक्षे’च्या खान्यात टाकण्याचा मोह होतो, पण तो टाळावा, कारण त्या वाक्यात ‘स्वप्ना’इतकाच ‘संशय’ही महत्त्वाचा आहे.

१९३३ साली कावाबाता यासुनारी प्रभृतींसह त्यांनी ‘बुंगाकुकाई’ हे नियतकालिक सुरू केले. त्याच वर्षीच्या ‘गाव हरवलेले साहित्य’ या निबंधातला एक प्रसंग माझ्या विशेष आवडीचा आहे. क्योतोहून परतताना गाडीत त्यांच्यासोबत लेखक ताकीई कोसाकू होते. एका बोगद्यातून गाडी बाहेर पडली, डोंगराच्या कडेने जाणारी पायवाट खिडकीतून क्षणभर दिसली आणि ताकीई एकदम हेलावून गेले, कारण अशी वाट पाहिली की त्यांचे खेड्यातले बालपण जागे होई. शेजारी बसलेल्या कोबायाशींना जाणवले की आपल्याला असे काहीच होत नाही. ज्या तोक्योत आपण जन्मलो ते शहर सारखे बदलत राहिले, त्यामुळे ‘माझे गाव’ म्हणावे अशी आठवणच साठली नाही. पुढे ते म्हणतात की आपल्या पिढीला पाश्चात्त्य साहित्य खऱ्या अर्थाने कळू लागले ते हे मूळ हरवल्यामुळेच. तक्रारीच्या सुरात सुरू झालेला निबंध असा अनपेक्षित ठिकाणी पोहोचतो.

१९३५ चा ‘वाताकुशी-शोसेत्सु’वरील, म्हणजे जपानी आत्मपर कादंबरीवरील, निबंध अधिक चर्चिला जातो. युरोपात लेखकाचा ‘मी’ समाजाशी झगडून घडला होता. जपानने वाङ्मयीन तंत्र आणले, पण तसा ‘मी’ तिथे तयार नव्हता, हा त्याचा गाभा.

आता आक्षेपाकडे येतो. १९३७ साली चीनशी युद्ध पेटल्यावर, बंदूक हाती घ्यायची वेळ आली तर आपण देशासाठी आनंदाने मरू, असे त्यांनी लिहिले. १९४६ साली एका परिसंवादात युद्धकाळाविषयी विचारले असता, मी अडाणी आहे, त्यामुळे पश्चात्ताप करीत नाही, हुशार लोकांनी तो हवा तेवढा करावा, असे उत्तर त्यांनी दिले. त्यांचे चाहते याला प्रामाणिकपणा म्हणतात. मला ते पटत नाही. सगळे ‘साज’ झिडकारणारा माणूस घडून गेलेल्या गोष्टीला ‘नियती’ म्हणून नमस्कार करतो, तेव्हा तोही एक साजच असतो.

आणि तरीही त्याच वर्षीचा, युरोपीय संगीतकार मोझार्टवरचा ‘मोझार्ट’ हा निबंध मी परतपरत वाचतो. उमेदीच्या काळातली भटकंती; ओसाकाच्या दोतोनबोरी भागात हिवाळ्यातली रात्र; गर्दीत चालताना मोझार्टच्या जी मायनर सिंफनीची सुरावट कोणी वाजवल्यासारखी अचानक त्यांच्या डोक्यात घुमू लागते. ते धावत एका मोठ्या दुकानात शिरतात आणि तीच रेकॉर्ड ऐकतात, पण तो अनुभव परत येत नाही. हा निबंध त्यांनी नुकत्याच वारलेल्या आईला अर्पण केला आहे.

शेवटचे मोठे काम म्हणजे अठराव्या शतकातील पंडित मोतोओरी नोरिनागा यांच्यावरील ग्रंथ. तो १९६५ पासून अकरा-बारा वर्षे ‘शिंचो’ मासिकात क्रमशः येत होता आणि १९७७ साली पुस्तकरूपाने निघाला. त्याची सुरुवात नोरिनागांच्या विचारांपासून होत नाही. स्वतःची कबर कशी असावी, तिच्यावर चेरीचे झाड कसे लावावे, याच्या त्यांनी लिहून ठेवलेल्या तपशीलवार सूचनांपासून होते. १९८३ साली कोबायाशी वारले.

वाचनाची सुरुवात मात्र या ग्रंथापासून करू नये. त्यांची शैली जपान्यांनाही जड जाते: मुलीने परीक्षेतला एक उतारा समजावून मागितला तेव्हा ‘काय वाईट लिहिले आहे’ असे ते म्हणाले, आणि मग तिने तो उतारा त्यांचाच असल्याचे सांगितले, हा किस्सा त्यांनी स्वतःच नोंदवला आहे. इंग्रजी चालत असेल तर पॉल अँडरर यांनी केलेला अनुवादसंग्रह घ्यावा. त्यात १९३९ पर्यंतचेच लेखन आहे, त्यामुळे ‘मोझार्ट’ त्यात सापडणार नाही. पण ‘नाना साज’ आणि आगगाडीचा तो प्रसंग दोन्ही आहेत. आधी आगगाडीचा वाचावा.