श्रेयनामावलीतले 'प्रोड्युसर' कोण?

प्रश्न : अमेरिकन मालिकांची श्रेयनामावली मी थांबवून थांबवून वाचते. एकच नाव आधी 'स्टोरी एडिटर', मग 'को-प्रोड्युसर', पुढे 'सुपरवायझिंग प्रोड्युसर' म्हणून दिसतं. हा लेखक लेखन सोडून पैसा लावू लागला का? आमच्या दशावतारात आख्यान आधी ठरतं आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. तिकडे आठ-दहा जण मिळून एक भाग कसा लिहितात?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : नाही, हे लेखकाचेच हुद्दे आहेत. सर्वांत खाली 'स्टाफ रायटर', वर तुम्ही वाचलेल्या पायऱ्या, आणि टोकाला 'एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर'. त्यातला मालिकेची सूत्रं सांभाळणारा तो 'शोरनर'. खर्चाचा हिशेब लाइन प्रोड्युसर बघतो.

आख्यान तिथेही सगळे मिळूनच ठरवतात. 'रायटर्स रूम'मध्ये फळ्यावर कार्डं लावून भाग अंकाअंकाने 'फोडतात'. मग आराखडा होतो आणि संवादांसह मसुदा एकाच लेखकाकडे जातो. साधारण एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट. स्टुडिओ आणि वाहिनीच्या सूचना आल्या की शेवटचा हात शोरनर फिरवतो. जाहिरातीपूर्वी अंक लोंबकळत ठेवला नाही, तर प्रेक्षक उठून जातो. ही चूक फळ्यावरच पकडावी. मसुद्यात सापडली तर अर्धा भाग उसवावा लागतो.

खरी अडचण शिडीचीच झाली. वर्षाला 22 भाग असत तेव्हा पुढचे भाग लिहिले जात असतानाच आधीच्यांचं चित्रीकरण चाले. नवा लेखक आपल्या भागाच्या वेळी सेटवर जाई. नटाला न पेलणारं वाक्य तिथल्या तिथे बदलायला आणि हाताबाहेर जाणारा खर्च आवरायला शिके. स्ट्रीमिंगवर भाग आठ-दहा झाले, आणि पुष्कळदा कॅमेरा सुरू होण्याआधीच रूम बंद होऊ लागली. हुद्दा मिळाला, पण निर्मिती शिकायची राहिली. आम्हाला हे नुकसान मानधनापेक्षा मोठं वाटतं. 2023 मध्ये लेखकांनी 148 दिवस संप केला त्यात हाही मुद्दा होता. नव्या करारात रूममधल्या लेखकांची किमान संख्या ठरली, आणि स्टाफ रायटरला आठवड्याच्या पगाराशिवाय त्याने लिहिलेल्या पटकथेचे वेगळे पैसे मिळू लागले.

नावं वाचताच आहात, तर 'अँड' कसं छापलंय तेही बघा. दोन नावांमध्ये & हे चिन्ह असेल तर ती लेखकांची जोडी. शब्द अक्षरांत लिहिला असेल तर दोघांनी वेगवेगळं काम केलेलं असतं, बहुधा एकाच्या मसुद्यावर दुसऱ्याने.