कॅज्युअल्टीत परत आलेला रुग्ण

कॅज्युअल्टीत नव्याने रुजू होताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: जो रुग्ण दोन-तीन दिवसांत त्याच तक्रारीसाठी परत येतो, त्याच्या जुन्या केसपेपरवरील निदान वाचण्याआधी त्याची हकिकत पहिल्यापासून ऐकून घ्यावी, कारण एकदा ‘ॲसिडिटी’ असे लिहिले गेले की पुढचा डॉक्टरही नकळत त्याच शब्दाच्या आधाराने विचार करू लागतो. पोटाच्या वरच्या भागातील दुखणे हे, विशेषतः मधुमेही रुग्णांत आणि स्त्रियांत, हृदयविकाराचे लक्षण असू शकते; पहिला ईसीजी सामान्य आल्याने ती शक्यता संपत नाही, आणि रक्तातील ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणारे प्रथिन) वाढण्यास काही तास लागत असल्याने दोन्ही तपासण्या पुन्हा कराव्या लागतात. बेंबीभोवतीचे दुखणे उजवीकडे खाली सरकले असेल, तर अपेंडिक्सचा विचार करून पोट पुन्हा हाताने तपासावे. माझ्या हातून असा एक रुग्ण ‘गॅस्ट्रो’ म्हणून घरी गेला होता. जुलाब किती वेळा झाले, हे मी विचारलेच नव्हते. श्वसनगती घड्याळ लावून स्वतः मोजावी (कागदावरची बहुधा अंदाजाने लिहिलेली असते). घरी पाठवताना कोणती लक्षणे दिसल्यास लगेच परत यायचे, ते सोप्या मराठीत लिहून नातेवाइकांकडून एकदा वाचून घ्यावे.