वाचकांचे प्रश्न : वरच्या मजल्यावर दिवा लागतो का?

गेल्या अंकात जुन्या बाजारपेठांबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, मेलचा ढीगच लागला. सोलर आणि पाणीपट्टीवाले प्रश्न पुढच्या महिन्यात घेते. नावं मुद्दाम छापत नाहीये, कारण दोघातिघांनी आपापल्या नगरपरिषदेबद्दल जे लिहिलंय ते छापलं तर त्यांना उद्या दुकान उघडायला लाज वाटेल, किंवा नगरपरिषदेला वाटेल, बघा.

प्रश्न : ताई, आमचं कापडाचं दुकान गावच्या मेन पेठेत, आजोबांपासूनचं. बायपासवर मोठी शोरूम्स झाल्यापासून पेठ ओस पडत चाललीय. आता नगरपरिषद म्हणते सुशोभीकरण करू, ग्रॅनाइटची फरशी, शोभेचे दिवे, दोन्ही टोकांना कमानी. व्यापारी खूश आहेत, मला मात्र धाकधूक आहे. फायदा होईल का? – एक दुकानदार, पश्चिम महाराष्ट्र

तुमची धाकधूक बरोबर आहे. फरशीने गिऱ्हाईक येत नाही, आलेलं गिऱ्हाईक घसरत नाही एवढंच, आणि ग्रॅनाइट असेल तर पावसात तेही घसरतं.

एक काम करा. आज संध्याकाळी साडेसातला दुकान पोराकडे सोपवून पेठेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला आणि फक्त वर बघा. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर किती खिडक्यांत दिवा लागलाय ते मोजा. माझ्या मामाचं दुकान अशाच एका पेठेत होतं, आम्ही लहान असताना वर तीन बिऱ्हाडं होती, खाली गल्ल्यावर बसलं की वरून फोडणीचा वास यायचा आणि कुणीतरी दोरीला पिशवी बांधून खाली सोडायचं, त्यात समोरच्या वाण्याने साबण टाकायचा. गेल्या दिवाळीत गेले तर जिन्याच्या तोंडाला जाळीचा दरवाजा आणि कुलूप, वर सगळी खोकी. अख्ख्या आळीत तेच, वर गोडाऊन, खाली दुकान, आणि साडेआठला शटरं पडली की कुत्री.

तिथली माणसं बायपासच्या आधीच गेलेली होती, शोरूम नंतर आली. म्हणजे ज्यांना दूध, पेन, झंडू बाम, शाळेचा युनिफॉर्म रोज खालीच लागायचा ती तीनशे-चारशे घरं उठून बंगल्या-फ्लॅटमध्ये गेली आणि आपण म्हणतोय ऑनलाइनने मारलं. ऑनलाइनने मारलंच, नाही म्हणत नाही, पण आधीच अशक्त झालेल्याला मारलं.

का गेली याचंही एक कारण बघा. मुंबई इलाख्याचा १९४७ चा भाडे कायदा, त्याने मोठ्या शहरांत भाडी १९४० च्या आसपासच्या आकड्यावर गोठवली. १९९९ चा नवा कायदा आला, २००० पासून लागू झाला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली, पण पन्नास रुपयांवर ४ टक्के म्हणजे किती? दोन रुपये. एवढ्यात मालक कौल कशाला बदलेल, भाडेकरू म्हणतो घर तुझं तू दुरुस्त कर, आणि दोघांच्या मध्ये छत गळतंय.

अमेरिकेत हेच झालं होतं, मॉल आणि हायवेने छोट्या गावांचे मुख्य रस्ते रिकामे केले. तिथे वारसा जपणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेने १९७७ मध्ये तीन छोटी गावं घेऊन प्रयोग केला, गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज, त्यातूनच त्यांचा मेन स्ट्रीट कार्यक्रम उभा राहिला. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक गावात पगारी एक माणूस नेमला, ज्याचं काम फक्त ती बाजारपेठ. कुठलं दुकान रिकामं झालं, मालक कोण, भाडं काय मागतो, नवीन धंदा शोधणारा पोरगा कोण, हे त्याला तोंडपाठ. तुमच्या नगरपरिषदेला कमानीच्या बजेटमधून असा एक माणूस तीन वर्षांसाठी ठेवायला सांगा. ठेवणार नाहीत म्हणा, पगाराचं उद्घाटन करता येत नाही.

प्रश्न : लक्ष्मी रोड कायमचा गाड्यांना बंद करावा असं माझं मत, घरात यावरून भांडणं होतात, मिस्टरांचं दुकान शेजारच्या कुमठेकर रोडला आहे. तुम्ही कुणाच्या बाजूने? – पुणे ३०

तुमच्या घरात मी पडत नाही! पण सांगते. महापालिकेने २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन सुरू केला, लक्ष्मी रोडचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा तुकडा दिवसभर गाड्यांना बंद. मी गेले होते एका वर्षी. रस्त्याच्या मधोमध आजोबा लोक खुर्च्या टाकून बसलेले, पोरं खेळतायत, आणि आतले दुकानदार दारात उभे, चेहऱ्यावर 'बघतायत सगळे, घेत कुणी नाही'. दोन्ही खरं होतं. एका दिवसाच्या जत्रेवरून धंद्याचा अंदाज येत नाही, ना चांगला ना वाईट.

फक्त बंद करून भागत नाही याचं जुनं उदाहरण आहे. अमेरिकेत कॅलमाझू नावाच्या गावाने १९५९ मध्ये आपला मुख्य रस्ता गाड्यांना बंद केला, त्या देशातला पहिलाच असा प्रयोग म्हणतात, मागचा आराखडा व्हिक्टर ग्रूएन या आर्किटेक्टच्या ऑफिसचा, तोच ज्याने तीन वर्षं आधी साउथडेलचा बंदिस्त मॉल काढला होता. गंमत बघा, मॉल काढणारा तोच आणि औषध देणाराही तोच. मग दीड-दोनशे गावांनी नक्कल केली आणि बहुतेकांनी पुढे परत रस्ते उघडले, कॅलमाझूनेही १९९८ मध्ये काही भाग उघडला. उलट डेन्मार्कमध्ये कोपनहेगनचा स्ट्रॉगेट हा बाजाराचा रस्ता १९६२ मध्ये गाड्यांना बंद झाला तो आजपर्यंत बंद आहे आणि गच्च भरलेला असतो. तिथे लोक चालत, सायकलवर, बसने येत होतेच आणि आसपास राहतही होते. कॅलमाझूत सगळे गाडीने यायचे आणि गाडीच बाहेर ठेवली.

आता पुणं यातलं कोणतं? माझ्या मते लक्ष्मी रोड स्ट्रॉगेटच्या जवळचा आहे, सदाशिव-नारायण-शनिवार पेठांत अजून माणसं राहतात (तुम्हीच राहताय), आणि सप्टेंबर २०२४ पासून कसबा पेठ आणि मंडईला जमिनीखालून मेट्रो आली. स्टेशनातून वर आलं की समोर मंडईची ती १८८६ ची दगडी इमारत दिसते, पण तिथून तुळशीबागेपर्यंत जाताना फूटपाथ तीन ठिकाणी तुटतो आणि दोन ठिकाणी त्यावर ॲक्टिव्हा उभ्या असतात. आधी ते दहा मिनिटांचं चालणं नीट करा. मग शनिवार-रविवार, मग संध्याकाळी रोज, आणि मालाच्या टेम्पोला सकाळी दहापर्यंत मोकळीक. दिल्लीत चांदनी चौकाचा १.३ किलोमीटरचा पट्टा २०२१ मध्ये सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना बंद केला, लाल दगड, बसायला ओटे, सगळं देखणं. पुढे निगराणी सुटली आणि टू-व्हीलर आत शिरायला लागल्याच. रस्ता बंद करणं एक दिवसाचं, तो बंद ठेवणं रोजचं काम आहे. मिस्टरांना सांगा कुमठेकर रोडला गर्दी वळेल, त्यांचा फायदाच आहे. (ट्रॅफिकपण वळेल, ते सांगू नका.)

प्रश्न : आमच्या व्यापारी असोसिएशनमध्ये १४० दुकानं, वर्गणी देतात ५५. वॉचमन, सीसीटीव्ही, दिवाळीची रोषणाई सगळं या ५५ जणांच्या पैशात, उजेड मात्र सगळ्यांच्या दारात. काय करावं? – सेक्रेटरी (नाइलाजाने)

साहेब, तुमचं दुखणं कॅनडातल्या टोरंटोच्या दुकानदारांना ६० वर्षांपूर्वी झालं होतं. ब्लूर रस्त्यावर ट्राम होती, तिच्या खिडकीतून लोक दुकानं बघत जायचे, मग साठच्या दशकात खालून सबवे म्हणजे भुयारी रेल्वे आली आणि सगळं गिऱ्हाईक जमिनीखालून निघून जायला लागलं, वर नवीन मॉल्स. दुकानदारांची संघटना होती पण ऐच्छिक, म्हणजे तुमच्यासारखीच, काही जण देणार आणि बाकीचे फुकट उजेडात बसणार. शेवटी त्यांनी सरकारच्या मागे लागून कायदा करून घेतला की ठरावीक हद्दीतल्या प्रत्येक धंद्याकडून महापालिकाच करासोबत ही जादा रक्कम वसूल करेल आणि पूर्ण रक्कम त्या पेठेच्या मंडळाला देईल, खर्च मंडळ ठरवेल. १९७० मध्ये ब्लूर वेस्ट व्हिलेज हा जगातला पहिला असा भाग ठरला, पुढे न्यूयॉर्कपासून लंडनपर्यंत सगळ्यांनी उचललं. थोडक्यात सक्तीची वर्गणी, पावतीपुस्तक महापालिकेच्या हातात.

आपल्याकडे असा तयार साचा नाही, त्यामुळे तुम्हाला गणेश मंडळाच्याच अकलेने चालावं लागेल, म्हणजे हिशेबाचा बोर्ड. मंडपाच्या बाहेर कोणी किती दिले ते लावतात ना, तसं दर महिन्याला वॉचमनचा पगार एवढा, वायरमन एवढा, दिलेल्यांची नावं, न दिलेल्यांची नावं लिहू नका, रिकामी जागा सोडा. पेठेत रिकामी जागा फार बोलते. आणि पैसे समान घेऊ नका, सराफ आणि बांगडीवाला एकाच पावतीवर बसवले की बांगडीवाला तोंड फिरवणारच. दुकानाची दर्शनी रुंदी किती फूट, त्यावर घ्या.

अजून एक, फेरीवाले. तुमच्या मेलमध्ये त्यांचा उल्लेख 'अतिक्रमण' असा तीनदा आलाय. २०१४ च्या कायद्याने प्रत्येक शहरात पथविक्रेता समिती हवी आणि तिच्यात निदान ४० टक्के फेरीवाल्यांचे प्रतिनिधी. त्यांना वर्गणीत आणि मीटिंगला घ्या. गजरेवाली उठली की साडीच्या दुकानातल्या बायकाही लवकर उठतात, हे मी बघितलंय.

प्रश्न : मी गिरगावात, भाड्याची जागा, खाली छोटं दुकान वर घर. रीडेव्हलपमेंट येतेय. बिल्डर म्हणतो दुकान पोडियमवर देतो, एसी मार्केट होईल. घ्यावं का? – गिरगावकर

पोडियमवर, म्हणजे टॉवरखालच्या त्या उंच चौथऱ्यावर, रस्त्यावरून जाणारं माणूस चढत नाही, लिफ्टने तर नाहीच. तुमचा धंदा ओळखीच्या, आधी ठरवून येणाऱ्या गिऱ्हाइकाचा असेल, समजा टेलर किंवा क्लास, तर चालेल. येता-जाता घेणाऱ्याचा असेल तर तळमजला आणि दर्शनी रुंदी किती फूट हे करारात लिहून घ्या, 'योग्य जागा' असा शब्द असेल तर सही करू नका.

भेंडीबाजार जाऊन बघा, लांब नाही. बोहरा समाजाने २००९ मध्ये स्वतःचा ट्रस्ट काढला आणि साडेसोळा एकर, अडीचशेच्या आसपास जुन्या इमारती, तीन हजारांवर कुटुंबं आणि हजारावर दुकानं एकत्र हातात घेतली. एकेक इमारत नाही, अख्खा मोहल्ला. पैसा आणि पत दोन्ही समाजाची, म्हणून ट्रान्झिटला, म्हणजे काम होईपर्यंतच्या तात्पुरत्या घरांत, गेलेली माणसं परत येणार हा भरवसा थोडा जास्त होता. तरी वेळ लागायचा तो लागलाच, आणि मध्ये ऑगस्ट २०१७ मध्ये पाकमोडिया स्ट्रीटवर हुसैनी इमारत पडली, ३३ जणं गेली. म्हणून म्हणते, दुकानासाठी भांडा, पण त्यासाठी धोकादायक इमारतीत राहत बसू नका. ट्रान्झिटचं भाडं किती महिन्यांचं आगाऊ मिळणार ते आधी वकिलाकडून तपासून घ्या.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत २० जण एकाच गावचे. ग्रुपवर ठरलंय की गावच्या पेठेत बंद पडलेलं थिएटर विकत घेऊन काहीतरी करायचं, प्रत्येकी पैसे टाकू. कसं करावं? – माहेर सातारा जिल्हा

ग्रुपवर ठरलंय म्हणजे अजून ठरलेलं नाही हो. पण कल्पना चांगली आहे आणि तुमच्याच शेजारच्या राज्यात घडलीय. न्यूयॉर्कमधलं सॅरानॅक लेक, पाच हजारांच्या आसपास वस्तीचं. तिथलं एकमेव मोठं दुकान २००२ मध्ये बंद पडलं, साधे मोजे घ्यायचे तर ५० मैल गाडी. लोकांनी १०० डॉलरचा एक शेअर काढून पाच लाख डॉलरच्या आसपास गोळा केले आणि २०११ मध्ये गावाच्या मध्यभागी स्वतःचं डिपार्टमेंट स्टोअर उघडलं. त्यात जोर गावात राहणाऱ्यांच्या छोट्या शेअरवर होता, कारण ज्याचा शेअर तो मोजेही तिथेच घेतो. तुमचे २० जण न्यू जर्सीत राहून साताऱ्याला मोजे घेणार नाहीत. म्हणून तुमचा वाटा ठेवा पण गावातले निदान शंभर जण आत घ्या, पाचशे-हजाराचा का असेना.

आणि कृपा करून कुणाच्या तरी काकांच्या अकाउंटला पैसे पाठवू नका. इथे २०१९ पासून अनियंत्रित ठेवींवर बंदीचा कायदा आहे, परतावा देतो म्हणून लोकांकडून पैसे गोळा केले तर काका अडकतील. नोंदणीकृत सहकारी संस्था किंवा कंपनी करा (प्रायव्हेट कंपनीला २०० सभासदांची मर्यादा), परदेशातून पैसा आणण्याचं सीएला विचारा.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाकडे ५० हजार शिल्लक आहेत, पेठेसाठी वापरायचेत. कमानीवर नाव येईल असं काहीतरी सुचवा. – अध्यक्षा

कमान नको. लग्नाचा बस्ता बांधायला बाया चार-चार तास पेठेत असतात आणि जायला जागा नसते, म्हणून पुढच्या वेळी मॉलला जातात, तिथे कपड्यापेक्षा स्वच्छतागृह जास्त बरं असतं. असलेलं एखादं बंद स्वच्छतागृह नगरपरिषदेकडून चालवायला घ्या, नळ, कडी, दिवा, कचऱ्याचा डबा, आणि उरलेल्या पैशात एका बाईचा काही महिन्यांचा पगार. पाटी तुमच्या नावाची लावा, हवी तेवढी मोठी. फक्त किल्ली कुणाकडे राहणार ते आधी ठरवा, चहावाल्याकडे ठेवू नका, तो साडेसहाला घरी जातो.